आईचा अंगठा आणि माझ्या सात बाटल्या

नवी मुंबईत थंडी पडते असं म्हटलं की पुण्या-नाशिकचे लोक हसतात. हसू देत. आमच्या नेरुळला नोव्हेंबरच्या शेवटी पहाटे पारा जरा खाली आला की सोसायटीच्या ग्रुपवर 'कडाक्याची थंडी, काळजी घ्या' असे मेसेज सुरू होतात, वॉचमन पुठ्ठे जाळून शेकत बसतो आणि पाम बीच रोडला फिरायला जाणारी मंडळी बर्फात निघाल्यासारखी जाकिटं चढवतात. दुपारी बारा वाजता हीच मंडळी उसाच्या रसाच्या गाडीवर घाम पुसत उभी असतात. म्हणजे आमच्याकडे थंडी रोज सकाळी येते आणि जेवायच्या आत निघून जाते. पण तेवढ्या वेळात ती माझ्या कातडीचं पार वाटोळं करते, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

माझी कातडी मुळातच भांडखोर. उन्हाळ्यात चिकट, पावसाळ्यात खाजरी आणि हिवाळ्यात भाजलेला पापड. तरी वयाच्या चव्वेचाळीसपर्यंत मी तिच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. साबण, पावडर, लग्नकार्य असेल तर जराशी स्नो. मी तिच्या वाटेला जात नव्हते, ती माझ्या वाटेला येत नव्हती. आमचं बिनसलं ते ऑफिसात अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा.

मी न्हावा शेव्याला, बंदराजवळच्या एका क्लिअरिंगच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. कंटेनर येतात, त्यांच्याबरोबर कागद येतात, कागदांत चुका असतात, त्या शोधून मी साहेबांना दाखवते आणि साहेब माझ्यावरच चिडतात. हे सगळं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. हजेरीला वही होती. सही केली की माणूस आला. एका पावसाळ्यात वही गेली आणि दाराशी यंत्र बसलं. जुलै ते ऑक्टोबर त्याचं नि माझं चांगलं जमलं. मी अंगठा ठेवायचे, आतली बाई "थँक यू" म्हणायची. नोव्हेंबरच्या पहिल्या गार सकाळी मी अंगठा ठेवला आणि आतली बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन."

मी ट्राय अगेन केलं. मग परत केलं. अंगठा पुसला, फुंकर मारली, पदराला घासला. माझ्या मागे सगळं ऑफिस डबे घेऊन उभं. अकराव्यांदा ती बाई तितक्याच गोड आवाजात तेच म्हणाली, तेव्हा मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या आठवड्यात मी तीन दिवस ऑफिसात बसून गैरहजर होते. साहेबांनी मला बोलावलं, माझ्या अंगठ्याकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची स्किन ड्राय झालीय. काहीतरी लावा."

काहीतरी लावा, एवढंच ते म्हणाले. पुढे जे घडलं त्याला खरं तर तेच जबाबदार आहेत.

मला अर्धवट काही करता येत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि नवऱ्याची तक्रारही. मी फोनवर 'हिवाळ्यात त्वचेची काळजी' शोधलं आणि मला एक मुलगी सापडली. तिच्या खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ होता. तिचं म्हणणं असं की, हवामान बदललं की दिनक्रम बदलायलाच हवा. फेसाळ साबण बंद, दुधासारखा क्लेन्झर सुरू. कढत पाण्याने अंघोळ बंद, कोमट सुरू. अंग ओलसर असतानाच थर द्यायचे, आधी पातळ, मग दाट, आणि शेवटी सगळ्यावर जाड मलमाचं झाकण. खोलीत हवा कोरडी होऊ द्यायची नाही. तिचा चेहरा काचेसारखा चमकत होता. ती जिथे राहते तिथे हे सगळं बरोबरच असणार, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

मी वाशीला जाऊन सात बाटल्या आणल्या. पहिली धुवायची. दुसरी, पहिलीने सोडलेलं धुवायची. तिसरी नुसती थोपटायची. चौथी थेंबाने. पाचवी मेलेली कातडी काढून टाकायची, हिचं मला विशेष कौतुक वाटलं. सहावी दाट, सातवी अतिदाट. शिवाय हवा कोरडी होऊ नये म्हणून मी बेडरूममध्ये ओला टॉवेल वाळत घालून ठेवायला लागले. खाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात आमच्या बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि मी खोलीत दमटपणा आणत होते. नवऱ्याने तीन रात्री सोसलं. चौथ्या दिवशी तो उशी घेऊन हॉलमध्ये गेला.

सकाळी सात थर लावून मी कंपनीच्या बसमध्ये बसायचे. नेरुळमध्ये चेहरा खरंच चमकायचा. पुढे उरण रोडला लागलं की दोन्ही बाजूंनी ट्रेलर. त्यांच्या धुळीचा आठवा थर. दुपारी ऊन चढलं की सातवा थर वितळून सहाव्याला भेटायचा, दोघं मिळून हनुवटीपर्यंत यायचे आणि तिथून कस्टमच्या कागदांवर. एक अख्खं बिल माझ्या हनुवटीच्या डागासकट परत आलं. डागाभोवती कुणीतरी लाल पेनने गोल काढून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. आणि यंत्रातली बाई? आधी अंगठा कोरडा म्हणून ट्राय अगेन, आता तुपकट म्हणून ट्राय अगेन.

हे सगळं माझी आई बघत होती. वडील गेल्यापासून ती आमच्याकडे असते. कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, त्यामुळे समोरच्या माणसाचं काय चुकतंय ते तिला तो चुकायच्या आधी कळतं. तिच्या मते थंडीला एकच औषध, खोबरेल. केसांना खोबरेल, टाचांना खोबरेल, ओठांना खोबरेल, कपाटाचं दार करकरलं तर त्यालाही खोबरेल. त्या बर्फातल्या मुलीने खोबरेल चेहऱ्याला लावू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून मी आईची तेलाची बाटली बाथरूममधून उचलून स्वयंपाकघरात, फोडणीच्या तेलाशेजारी नेऊन ठेवली. आई म्हणाली, "बरं." आईचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, ते मान्य करणं नसतं.

आणि नेमकी तेव्हाच आईच्या हयातीच्या दाखल्याची वेळ आली.

ज्यांच्या घरात पेन्शनवालं माणूस नाही त्यांच्यासाठी सांगते. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत, हे पेन्शनवाल्यांना दाखवून द्यावं लागतं. तीस तारखेच्या आत दाखवलं नाही, तर पेन्शन थांबते. आई दर वर्षी त्यासाठी एसटीने आमच्या तालुक्याच्या गावी, तिचं खातं असलेल्या बँकेत जायची आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची. तिला ते फार आवडायचं. तिची सही बघण्यासारखी आहे. पूर्ण नाव, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी, शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी. सही करायला ती मिनिटभर घेते आणि तेवढा वेळ समोरच्याने थांबायचं असतं.

त्या वर्षी तिचा गुडघा गेला होता. एसटीचा सात तासांचा प्रवास डॉक्टरांनी साफ नको म्हणून सांगितला. मी म्हटलं, "अगं, स्टेशनजवळच्या सेवा केंद्रात होतं आता. पाच मिनिटांचं काम. नुसता अंगठा लावायचा."

आईने चष्मा काढला. "अंगठा? मी?"

इथे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. माझी आजी शेवटपर्यंत अंगठाच लावत होती. रेशनला अंगठा, दवाखान्यात अंगठा, सावकाराकडे काय लिहिलंय ते न कळता अंगठा. आई आमच्या वाडीतली पहिली बाई, जिने सही केली. नोकरी लागल्यावर शाळा सुटली की ती बायकांना कंदिलापाशी बसवून त्यांची त्यांची नावं लिहायला शिकवायची. एकेक बाई सही करायला लागली की आई तिचा अंगठा धरून त्यावरचा शाईचा डाग धुऊन टाकायची. आता सत्तरी ओलांडल्यावर तिला कुणीतरी म्हणत होतं, अंगठा दे.

तरी ती आली. कारण पेन्शन थांबली असती, तर तिचं दूध थांबलं असतं. आमच्या घरातलं दूध आईच्या पेन्शनमधून येतं आणि त्या दुधाच्या जोरावर ती आम्हा सगळ्यांना बोलते. दूध काय, आम्हीही आणलं असतं. पण मग ती आम्हाला बोलली नसती. वडील गेल्यावर सहा महिने आई कुणालाच काही बोलत नव्हती. ते घर मी पाहिलंय आणि मला ते परत नको होतं.

केंद्र म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेली एक खोली. तिथे कॉम्प्युटरवर बसणारे गृहस्थ पन्नाशीचे, स्वेटर आणि माकडटोपी घालून होते, डोक्यावर पंखाही चालू होता. त्यांनी आईपुढे काडेपेटीएवढं यंत्र सरकवलं. "आजी, टेन्शन नका घेऊ. दाबू नका, नुसता ठेवा."

आईने अंगठा ठेवला. लाल दिवा.

"हलवू नका."

"मी हलत नाही. मुलं हलतात," आई म्हणाली.

उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक करून दहाही बोटं. दहा वेळा लाल. गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून आईचा अंगठा जवळून बघितला. "आजी, रेघाच नाहीत हो तुमच्या. काय काम करायचात?"

"खडू धरायचे. एकतीस वर्षं."

"खडूने खाल्ल्या मग. त्यात ही थंडी, सुकलाय बघा. चार-पाच दिवसांनी या. जरा क्रीम-बिम लावा."

येताना रिक्षात आई म्हणाली, "एकतीस वर्षं रोज हजेरी घेतली मी. आज माझीच लागली नाही." मला गलबलून आलं. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. क्रीम-बिम लावा! घरात क्रीम-बिम सोडून दुसरं होतं काय? अख्ख्या नेरुळमध्ये या कामाला माझ्याइतकी तयार बाई नव्हती.

खालच्या मजल्यावर काकी राहतात. मूळच्या इथल्याच सारसोळे गावच्या, जन्मभर मासळी विकली, आता त्यांच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये त्यांचे तीन फ्लॅट आहेत आणि जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला देणं हे काम आहे. त्यांनी आम्हाला अडवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवो बाय, त्यान काय हाय? आमचा बी येत नाय अंगठा. कोलंबी सोलून सोलून गेला. आमी रेशनला जाताव तवा डोईला घासताव न् लावताव. पटकन येतंय."

मी हसून 'हो हो' म्हटलं आणि वर आले. डोक्याला घासायचं म्हणे. सात बाटल्या घरात असताना.

दिनक्रम मी असा आखला. सकाळी साखर आणि लिंबाने दोन्ही अंगठे घासायचे, कारण मेलेली कातडी गेल्याशिवाय औषध आत जात नाही, असं बर्फातली मुलगी म्हणाली होती. मग पाचवी बाटली, उरलीसुरली मेलेली कातडी काढायला. मग सहावी. मग सातवी. मग वरून पेट्रोलियम जेली आणि झाकण म्हणून हातात माझे लोकरीचे पायमोजे. पायमोजे लाल होते, बोटांवर सांताक्लॉज होता. आई ते घालून सोफ्यावर बसायची. तिला रिमोट दाबता येईना, पेपरचं पान उलटता येईना, चहाचा कप दोन्ही सांताक्लॉजांच्या मध्ये धरावा लागे. वाचताना पानाच्या शेवटी आली की ती "उलट" म्हणायची आणि मी स्वयंपाकघरातून धावत यायचे. बातम्यांत तिला न पटणारं काही आलं की ती टीव्हीवर मोजा रोखून ओरडायची. तेवढे चार दिवस मुलं शाळेतून वेळेवर घरी यायची, कारण असं काही त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मोजे काढले. हात बघून मी स्वतःच थक्क झाले. मऊ, गुलाबी, गुळगुळीत. काकींनी जिन्यात आईचा हात उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "आयेचा हात नवरीवानी केलास गो!" मी मान खाली घातली, विनयाने. अठ्ठावीस तारीख होती. आम्ही रुबाबात केंद्रात गेलो.

लाल. लाल. लाल. गेल्या वेळी निदान यंत्र विचार करत होतं, आता तेही करत नव्हतं. गृहस्थांनी आईचा अंगठा खिडकीच्या उजेडात नेला, तिरका करून बघितला आणि गंभीर आवाजात विचारलं, "आजी, हे कोणी घासलंय?"

आईने वळून माझ्याकडे बोट केलं. वर्गात शाई सांडणाऱ्या पोराकडे करावं तसं. दुकानातली सगळी झेरॉक्सवाली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"मॅडम," गृहस्थ म्हणाले, "होत्या त्या दोन रेघा पण काढल्यात तुमी."

मी आधी हसले. खरंच हसू आलं. मग पायऱ्या उतरताना ते हसू पार मावळलं. उद्या एकोणतीस, परवा तीस. माझ्या आईचं असणं खडूने थोडं पुसलं होतं, उरलेलं मी साखर-लिंबू लावून पुसलं होतं, आणि वर तिला त्या हातांत सांताक्लॉजचे मोजे घालून बसवलं होतं. मला माझा इतका राग आला की रिक्षावाल्याशी मी उगाच भांडले. आईने एक टोमणासुद्धा मारला नाही, तेव्हा मी खरी घाबरले. घरी ती खिडकीशी बसून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती, कुणीतरी चुकून दिलेल्या वस्तूकडे बघावं तशी.

गृहस्थांनी निघताना सांगितलं होतं, तीस तारखेला सकाळी या, तोवर काही लावू नका, घासू नका, भांडी घासू नका, जेवढं परत येईल तेवढं येऊ द्या. मी आईला भांड्यांच्या पाण्यालासुद्धा हात लावू देईना. आणि शहाणपण इतक्या उशिरा सुचल्याची शिक्षा म्हणून की काय, माझा स्वतःचा चेहराही त्याच दिवशी बंड करून उठला. पाचव्या बाटलीने नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी सोलली, गालांवर लाल चट्टे आले, हसलं तरी चरचरायला लागलं. एकोणतीसला ऑफिसात साहेब म्हणाले, "मॅडम, काही लावू नका." बारा दिवसांपूर्वी हेच म्हणाले असते तर!

तीस तारखेची सकाळ त्या वर्षातली सगळ्यात गार. मला कसं कळलं? स्वयंपाकघरात आईची खोबरेलची बाटली थिजून पांढरी झाली होती. आमच्याकडे थंडी पडली की नाही, ते असंच ओळखतात. आईने अंघोळ करून केस धुतले होते, इस्त्रीचं पांढरं पातळ नेसली होती, कारण तिच्या दृष्टीने ती परीक्षा होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आरशासमोर चेहरा बघत बसले होते. ती मागून आली. हातात गरम पाण्याचा वाडगा, त्यात बाटली उभी केलेली.

"बस खाली."

"आई, नको. ऑफिसला जायचंय नंतर."

"खाली बस म्हटलं ना?"

दहावीत असताना मी तिला निक्षून सांगितलं होतं, माझ्या केसांना तेल लावायचं नाही, मुली हसतात. तिने परत कधी हात लावला नव्हता. तीस वर्षं झाली त्याला. मी खाली बसले. तिने माझे हट्टाने कोरडे ठेवलेले, महागाच्या शॅम्पूचे केस पार तेलात बुडवले, भांगातून बोट फिरवलं, मग उरलेलं कोमट तेल मागून दोन्ही तळव्यांनी माझ्या सोललेल्या गालांवर टेकवलं. चरचरणं थांबलं. त्या सात बाटल्यांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. नंतर ओट्याखाली सापडल्या त्या, जुन्या कुकरमध्ये दडवलेल्या.

काम झाल्यावर मी तिला हात साबणाने धुवायला लावले. तेलकट अंगठा चालत नाही, हे मी ऑफिसच्या बाईकडून शिकले होते. म्हणजे होता नव्हता तो ओलावाही मीच घालवला. त्या वर्षी माझ्या हातून बरोबर काहीच व्हायचं नव्हतं.

केंद्रात शेवटच्या दिवसाची गर्दी. स्वेटर, मफलर, काठ्या आणि फाइली घेतलेले पंधरा-वीस पेन्शनर बाकांवर आणि बाकांबाहेर. आमचा नंबर आला. आईने अंगठा ठेवला. यंत्र थोडा वेळ विचार करत राहिलं, आणि लाल.

"काहीतरी दिसतंय आज," गृहस्थ पुढे झुकून म्हणाले. "जरासं ओशट पाहिजे, बस. आजी, केसांतून फिरवा अंगठा आणि लावा."

डोईला घासताव न् लावताव. मी डोळे मिटून घेतले.

आईने स्वतःच्या केसांतून अंगठा फिरवला. पण तिचे केस सकाळीच धुतलेले, कापसासारखे कोरडे. लाल. कपाळ घासलं. लाल. तिने आशेने गृहस्थांकडे बघितलं. त्यांनी माकडटोपी वर केली, खाली चकचकीत टक्कल. "माझ्याकडे काय बघता आजी, इथे शेती उठली कधीच."

मग आई माझ्याकडे वळली. "वाक खाली."

"इथे?"

"वाक."

त्या पंधरा-वीस लोकांसमोर मी वाकले. आईने अंगठा माझ्या भांगावर टेकवला आणि कपाळापासून मागे नेला, सावकाश, वेणी घालायच्या आधी न्यायची तसा. तिने अंगठा यंत्रावर ठेवला. लाल. "परत," ती म्हणाली, गणित चुकलेल्या मुलाला म्हणावं तसं. मी परत वाकले. पुन्हा तो अंगठा भांगातून मागे गेला. पुन्हा यंत्रावर. तिने श्वास धरला होता, ते मला वाकलेल्या अवस्थेतही कळलं.

हिरवा.

"आल्या!" गृहस्थ खुर्चीतून उठले. "आजी, आहात तुमी! आहात!"

बाकांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसत सरळ होणार, एवढ्यात मागचे मफलरवाले आजोबा संकोचून म्हणाले, "ताई, माझाही मघाशी दोनदा नाही आला. जरा... चालेल का?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "चालेल. पण रांगेत या." मला स्टुलावर बसवण्यात आलं. चार आजोबा आणि दोन आजींनी माझ्या डोक्याला अंगठे घासले. पाच जणांचे लागले. ज्यांचा नाही लागला त्यांनी दुसऱ्या बाजूच्या केसांवर प्रयत्न केला आणि तोही लागला. प्रत्येक जण जाताना "सुखी राहा" म्हणत होता. माझ्या चेहऱ्यावर चट्टे होते, डोक्यावर तेलाचा महापूर होता, आणि गेल्या कित्येक वर्षांत मी कुणाच्या इतकी कामी आले नव्हते.

तोवर आईचा दाखला छापून आला. तिने तो खालपासून वरपर्यंत वाचला. "सही कुठे करायची?"

"सही लागत नाही आजी. अंगठा आला ना."

"तुम्हाला लागत नसेल," आई म्हणाली. तिने पर्समधून पेन काढलं, टेबलाचा कोपरा रुमालाने पुसला आणि दाखल्याच्या खाली, मोकळ्या जागेत, पूर्ण नावाची सही केली. वेलांट्या जागच्या जागी. शिरोरेषा सरळ. बाहेर रांग वाढत होती, पण गृहस्थ थांबले. त्यांनी माकडटोपीसुद्धा काढून हातात घेतली होती.

बाहेर आलो तेव्हा खाडीवरून गार वारा येत होता. रिक्षा मिळेना. आईचा हात परत माझ्या डोक्यावर आला होता, अंगठा भांगातून मागे-पुढे चाललेला.

"आई, झालं ना आता. लागला अंगठा."

"तेल जिरलं का बघतेय," ती म्हणाली आणि रिक्षा येईपर्यंत बघतच राहिली.